फळीवरचे मोडके दट्टे

न्यूझीलंड देशाच्या दक्षिण टोकाशी इन्व्हरकारगिल नावाचे एक शहर आहे. या शहरात बर्ट मन्रो नावाचे गृहस्थ राहत असत. त्यांच्या कामाच्या शेडमध्ये एक फळी होती आणि तिच्यावर इंजिनाचे मोडके भाग मांडून ठेवलेले होते. कोठे वितळलेला दट्ट्या, कोठे तुटलेला दांडा, तर कोठे निकामी झालेले नळकांडे! दुसऱ्या एखाद्याने हा सारा माल केव्हाच भंगारवाल्याच्या स्वाधीन केला असता. मन्रो यांनी मात्र तो जपून ठेवला होता. एवढेच नव्हे, तर ‘वेगदेवाला अर्पण’ अशा अर्थाची अक्षरेही तेथे लिहिली होती.

देवापुढे आपण उत्तमातली उत्तम वस्तू ठेवतो. मग या माणसाने मोडके तुकडे का ठेवले असतील? या प्रश्नाचे उत्तर मिळण्यासाठी मन्रो यांच्या मोटारसायकलीची आणि तिच्या इंजिनाची ओळख करून घेतली पाहिजे.

मन्रो यांचा जन्म १८९९ साली झाला. १९२० साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी एक नवी मोटारसायकल विकत घेतली. तिचे नाव ‘इंडियन स्काउट’. हे नाव ऐकून ती आपल्या देशात तयार झाली असावी असे तुम्हांला वाटेल; पण तसे नाही. ती अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील कारखान्यात तयार होई. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना त्या काळी ‘इंडियन’ म्हणत असत. या गाडीच्या इंजिनाला दोन नळकांडी होती आणि ती इंग्रजी ‘व्ही’ अक्षराप्रमाणे तिरपी बसवलेली होती. दोहोंची मिळून धारणा सुमारे ६०० घनसेंटिमीटर होती. गाडी जास्तीत जास्त ताशी ८८ किलोमीटरच्या आसपास धावे. त्या काळाच्या मानाने हा वेग काही थोडा नव्हता; परंतु मन्रो यांचे तेवढ्याने समाधान झाले नाही. नवी, अधिक वेगवान गाडी घेण्याऐवजी त्यांनी आहे तीच गाडी सुधारण्याचे ठरवले. १९२६ च्या सुमारास त्यांनी या कामास हात घातला. दिवसा मोटारसायकलींची विक्री व दुरुस्ती करावी आणि रात्री स्वतःच्या गाडीचे इंजिन उघडून बसावे, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

इंजिन म्हणजे तरी काय? सायकलीत हवा भरण्याचा पंप तुम्ही पाहिला असेल. त्याचे तोंड बोटाने घट्ट दाबून धरा आणि दांडा आत ढकला. आतील हवा दबते, बोटाला रेटा देते आणि पंप तापू लागतो. आता अशी कल्पना करा की, त्या दबलेल्या हवेत पेट्रोलची वाफ मिसळलेली आहे आणि नेमक्या त्याच क्षणी तिच्यात एक ठिणगी पडली आहे. मिश्रण भडकेल, फुगेल आणि दांड्याला जोराने मागे लोटील. (ही कल्पनाच करावयाची, प्रयोग मात्र मुळीच करावयाचा नाही!) इंजिनात हेच घडते. पंपाच्या नळीच्या जागी असते नळकांडे आणि आत सरकणाऱ्या भागाला म्हणतात दट्ट्या, म्हणजेच पिस्टन. दट्ट्याला एक जोडदांडा लावलेला असतो. दट्ट्याचे वरखाली होणे या दांड्यामुळे चाकाच्या फिरण्यात बदलते, जसे आपले पाय वरखाली होतात आणि सायकलीचे चाक फिरते.

दट्ट्याच्या चार धावांत इंजिनाचे एक आवर्तन पुरे होते. पहिल्या धावेत दट्ट्या खाली येतो, एक झडप उघडते आणि हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढले जाते. दुसऱ्या धावेत दोन्ही झडपा बंद असतात. दट्ट्या वर जातो आणि मिश्रण दाबले जाते. तेवढ्यात प्लगमधून ठिणगी पडते. तिसऱ्या धावेत पेटलेले मिश्रण दट्ट्याला खाली लोटते. चौथ्या धावेत दुसरी झडप उघडते आणि जळका वायू बाहेर फेकला जातो. ओढणे, दाबणे, लोटणे, फेकणे! या चौघांपैकी काम करणारी धाव एकच. बाकीच्या तीन तिची तयारी करतात.

हे किती वेगाने घडते, याचा हिशेब करून पाहा. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५० फेरे झाले. दोन फेऱ्यांत एकदा मिश्रण पेटते. म्हणजे एका नळकांड्यात सेकंदाला २५ वेळा भडका उडतो. आपली पापणी एकदा लवते न लवते, तोच आत चार-पाच भडके उडून गेलेले असतात. अशा ठिकाणी केसभर चूकही चालत नाही.

जुने इंजिन पुन्हा उभे करावयाचे, तर पहिला नियम हा की, घाई करू नये. प्रथम बाहेरचा मळ पुसून काढावा, म्हणजे उघडताना तो आत पडत नाही. मग एकेक भाग सोडवावा आणि ज्या क्रमाने तो निघाला त्याच क्रमाने मांडून ठेवावा. कोणती झडप कोणत्या बैठकीवर होती, याची खूण करावी. कारण वर्षानुवर्षे एकमेकींवर घासलेल्या वस्तू एकमेकींच्या सवयीच्या झालेल्या असतात. नंतर सारे भाग धुऊन कोरडे करावे आणि मग मोजावयास बसावे. इंजिनाच्या पुनर्बांधणीतील खरे काम हे मोजण्याचेच असते.

नळकांडे वरून पाहिले तर गोल दिसते. पण दट्ट्या लाखो वेळा वरखाली होऊन त्याची आतील बाजू झिजलेली असते आणि ही झीज सगळीकडे सारखी नसते. दट्ट्याच्या कड्या जेथपर्यंत वर जातात तेथे ती अधिक असते. नख फिरवले, तर तेथे बारीकसा कंगोरा लागतो. म्हणून नळकांडे वर, मध्ये आणि खाली, अशा तिन्ही ठिकाणी आणि आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी मोजतात. झीज प्रमाणाबाहेर असेल, तर नळकांडे आतून कातून पुन्हा गोल करतात आणि त्याला किंचित मोठा दट्ट्या बसवतात.

दट्ट्या आणि नळकांडे यांच्यामध्ये थोडी फट ठेवावी लागते. ती किती ठेवावी, हा मोठा नाजूक प्रश्न आहे. दट्ट्या बहुधा ॲल्युमिनियमचा असतो आणि जुन्या इंजिनांचे नळकांडे बिडाचे. तापल्यावर दोन्ही प्रसरण पावतात. परंतु ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. फट कमी ठेवली, तर तापलेला दट्ट्या नळकांड्यात आवळून बसतो आणि धावती गाडी एकाएकी अडते. फट जास्त ठेवली, तर जोर वाया जातो, तेल जळू लागते आणि इंजिन खडखडते. केसाच्या जाडीएवढ्या या जागेवर इंजिनाचे आयुष्य अवलंबून असते.

ही मापे घेण्यासाठी कारखान्यांत मौल्यवान उपकरणे असतात. मन्रो यांच्याजवळ ती नव्हती. मोटारसायकलीच्या चाकातील एका जुन्या स्पोकपासून केलेल्या साधनाने ते आपली मापे घेत. बाजारात त्यांना हवे तसे सुटे भाग मिळत नसत आणि मिळाले तरी ते घेण्याइतका पैसा नसे. तेव्हा त्यांनी ते स्वतःच करण्यास आरंभ केला. ॲल्युमिनियम वितळवून, जुन्या डब्यांचे साचे करून त्यांनी दट्टे ओतले. टाकून दिलेल्या बिडाच्या गॅसनळाचे तुकडे कातून त्यांनी नळकांडी केली. ट्रॅक्टरच्या जुन्या आसाचे पोलाद घेऊन त्यांनी हाताने जोडदांडे घडवले आणि त्यांना पाणी दिले. मूळच्या गाडीत झडपा नळकांड्याच्या बाजूला होत्या, त्यामुळे मिश्रणाला वळसा घेऊन आत यावे लागे. मन्रो यांनी त्या दट्ट्याच्या डोक्यावर आणल्या. आपण नाक मोकळे झाल्यावर जसा सहज श्वास घेतो, तसे त्यांचे इंजिन श्वास घेऊ लागले.

हे सारे पहिल्याच खेपेस साधले असेल, असे मात्र समजू नका. इंजिनाचा जोर वाढला की त्याच्या प्रत्येक भागावरचा ताण वाढतो. आज दट्ट्या भक्कम करावा, तर उद्या जोडदांडा तुटावा. दांडा भक्कम करावा, तर परवा दुसरेच काही निकामी व्हावे. महिनोन्‌महिने खपून केलेला भाग चाचणीच्या वेळी क्षणात नष्ट होई. अशा वेळी मन्रो तो भाग फळीवर ठेवीत आणि नव्याने कामाला लागत.

मोडलेला भाग मुका नसतो. वाचता आले, तर तो बोलतो. दट्ट्याचा माथा वितळला असेल, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडले असावे किंवा ठिणगी फार लवकर पडत असावी. त्याच्या अंगावर उभे ओरखडे असतील, तर फट कमी होती किंवा तेल नीट पोचत नव्हते. दांडा तुटला असेल, तर तुटीची जागा पाहावी. एखाद्या तीक्ष्ण कोपऱ्यापासून तडा सुरू झालेला असेल, तर पुढच्या दांड्यात तो कोपरा गोल करावा. वैद्य जशी नाडी पाहतो, तसा चांगला कारागीर तुटकी वस्तू पाहतो.

इंजिन जोडून झाले म्हणजे काम संपले, असेही नाही. त्यानंतर त्याची जुळवणी करावी लागते. गवई मैफलीस बसण्यापूर्वी तंबोरा लावतो. तारा नव्या असतील, भोपळा उत्तम असेल, पण तारा सुरात लागल्या नाहीत तर गाणे रंगत नाही. इंजिनाचेही तसेच आहे. त्याच्याही काही ‘तारा’ सुरात आणाव्या लागतात.

पहिली तार मिश्रणाची. चुलीला वारा कमी पडला की धूर कोंडतो आणि भांडी काळी होतात, हे तुम्ही पाहिले असेल. कार्ब्युरेटर हे हवेत पेट्रोल मिसळणारे उपकरण होय. त्याने पेट्रोल जास्त दिले, तर ते पुरते जळत नाही आणि प्लगवर काजळी धरते. पेट्रोल फार कमी दिले, तर इंजिन भलतेच तापते आणि प्लगचे टोक पांढरे पडते. मिश्रण बरोबर असेल, तर तेच टोक बदामी रंगाचे दिसते. म्हणून जाणता मिस्त्री गाडी चालवून आणतो, प्लग काढतो आणि त्याचा रंग वाचतो.

दुसरी तार ठिणगीच्या वेळेची. मिश्रण पेटले तरी ते पुरते जळण्यास थोडा अवधी लागतो. पाहुणे पानावर बसल्यावर गरम भात वाढावयाचा असेल, तर चूल आधीच पेटवावी लागते. त्याचप्रमाणे दट्ट्या माथ्याशी पोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडली पाहिजे, म्हणजे पूर्ण जोर तो खाली वळताना मिळतो. ठिणगी उशिरा पडली, तर जोर फुकट जातो. फार लवकर पडली, तर वर येणाऱ्या दट्ट्यालाच उलटा तडाखा बसतो.

आणि एवढे करून लावलेला सूर ठिकाण बदलले की बिघडतो! इन्व्हरकारगिल समुद्रकिनाऱ्याजवळ आहे. मन्रो जेथे वेगाची परीक्षा देण्यास गेले, ते अमेरिकेच्या युटा राज्यातील बॉनव्हिलचे मैदान सुमारे १,२८० मीटर उंचीवर आहे. म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा किंचित कमी. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते. हवा कमी, म्हणून पेट्रोलही कमी द्यावे लागते. किनाऱ्यावर गोड चालणारे इंजिन तेथे जशाच्या तशा स्थितीत चालवले, तर ते धुरकटते. तेथे जाणाऱ्यास आपला तंबोरा पुन्हा लावावा लागतो.

बॉनव्हिलचे मैदान म्हणजे आटून गेलेल्या एका प्राचीन सरोवराचा तळ होय. तेथे कोसच्या कोस पांढरेशुभ्र, सपाट मीठ पसरलेले आहे. झाड नाही, दगड नाही, वळण नाही. म्हणून जगभरातील लोक वेगाचे विक्रम करण्यासाठी तेथे जमतात. पण वेगाला तेथेही एक अदृश्य शत्रू असतोच. तो म्हणजे हवा. वेग दुप्पट केला, की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यास इंजिनाची शक्ती आठपट लागते. म्हणून मन्रो यांनी ॲल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून गाडीला माशासारखे निमुळते कवच केले. त्या कवचात जवळजवळ पालथे पडून ते गाडी चालवीत.

१९६२ साली मन्रो या मैदानावर उतरले. तेव्हा त्यांचे वय ६३ वर्षांचे होते. इंजिनाची धारणा वाढवून त्यांनी ती सुमारे ८५० घनसेंटिमीटरवर आणली होती. त्या दिवसांत तेथे मोठमोठ्या पथकांच्या नव्या कोऱ्या गाड्या येत. मन्रो यांची गाडी बेचाळीस वर्षांची होती. तरीही त्यांनी ताशी २८८ किलोमीटर वेग गाठून आपल्या वर्गातील विक्रम केला.

१९६७ साली ते पुन्हा तेथे गेले. आता त्यांचे वय ६८ होते आणि इंजिनाची धारणा सुमारे ९५० घनसेंटिमीटर झाली होती. त्या वर्षीच्या एका धावेत गाडी भर वेगात असताना एकाएकी डगमगू लागली. वेग कमी व्हावा म्हणून मन्रो कवचातून वर उठून बसले. त्याबरोबर वाऱ्याच्या झोताने डोळ्यांवरचा चष्मा उडवून नेला आणि त्यांना काही दिसेनासे झाले. मार्ग दाखवणारी काळी रेघ दूर राहिली; एका लोखंडी खुंटाशी होणारी टक्कर थोडक्यात चुकली. अखेर त्यांनी गाडी मिठावर आडवी पाडली. थोडेसे खरचटले, एवढ्यावर निभावले. यात जीवही गेला असता, हे विसरून चालणार नाही. वेगाचे वेड हे मोकळ्या मैदानावर, जाणत्यांच्या देखरेखीखाली पुरे करावयाचे असते. लोकांच्या रहदारीच्या रस्त्यावर नव्हे.

त्याच वर्षी मन्रो यांनी १,००० घनसेंटिमीटरपर्यंतच्या वर्गात नवा विक्रम केला. विक्रमासाठी एकाच दिशेची धाव ग्राह्य धरीत नाहीत. जाण्याची आणि परत येण्याची, अशा दोन धावांची सरासरी काढतात, म्हणजे वाऱ्याचा फायदा कोणाला मिळत नाही. मन्रो यांची सरासरी ताशी २९५ किलोमीटरहून अधिक भरली. जी गाडी तरुणपणी ताशी ८८ किलोमीटर धावे, तीच गाडी तिच्या मालकाच्या उतारवयात तिपटीहून अधिक वेगाने धावली!

मन्रो १९७८ साली वारले. पण या कथेतील एक मोजमाप अजून राहिले होते. २०१४ साली त्यांच्या मुलाच्या असे लक्षात आले की, १९६७ च्या त्या दोन धावांची सरासरी काढताना हिशेबात चूक झालेली आहे. अमेरिकेतील मोटारसायकल संघटनेने आकडे पुन्हा तपासले आणि विक्रम दुरुस्त करून ताशी २९६.२६ किलोमीटर असा नोंदवला. वाढ एका किलोमीटरहूनही कमी होती. परंतु ज्या माणसाने केसाच्या जाडीसाठी रात्री जागवल्या, त्याच्या बाबतीत एवढीही चूक राहू नये, हेच योग्य झाले.

ती लाल मोटारसायकल आज इन्व्हरकारगिलमधील लोखंडी सामानाच्या एका दुकानात लोकांना पाहण्यासाठी ठेवलेली आहे. आजूबाजूला हातोडे, कानशी, पाने अशी साधी हत्यारे विक्रीस मांडलेली असतात. ही जागा तिला शोभून दिसते. कारण अशाच साध्या हत्यारांनी तिला घडवले.

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच देऊ शकाल. फळीवरचे ते मोडके दट्टे म्हणजे मन्रो यांची फजिती नव्हती. ती त्यांची विद्या होती. प्रत्येक तुकड्याने त्यांना एकेक चूक दाखवून दिली आणि ती चूक त्यांनी पुन्हा केली नाही. मोडलेली वस्तू लाजेने लपवणारा तिथेच थांबतो. तीच समोर ठेवून ‘हे का मोडले?’ असे विचारणारा पुढे जातो.

अभ्यास

१. इंजिनाच्या चार धावा कोणत्या? प्रत्येक धावेत काय घडते ते तुमच्या शब्दांत लिहा.
२. दट्ट्या व नळकांडे यांमधील फट फार कमी किंवा फार जास्त का असू नये?
३. प्लगच्या रंगावरून मिश्रणाविषयी काय कळते?
४. इंजिनाच्या जुळवणीला लेखकाने तंबोऱ्याची उपमा का दिली आहे?
५. तुमच्याकडून बिघडलेली किंवा मोडलेली एखादी वस्तू आठवा. ती तुम्हांला काय शिकवून गेली, ते आठ-दहा ओळींत लिहा.